उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज, आणि एका दाताचे तीन महिने

आधी गुण सांगते, मग कारणं. शंभरपैकी सत्त्याऐंशी. मी गणित शिकवते, दहावीचे पेपर तपासते, आणि सहसा एवढे देत नाही. जे तेरा कापले ते कुठं कापले, तेही ओघात येईलच.

गाडी आहे माझ्या सासऱ्यांची. १९९७ची मारुती ८००, पांढरी, कार्बोरेटरवाली, एमएच ०९. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी पासिंग करून घेतो, ग्रीन टॅक्स भरतो, आणि घरातला प्रत्येक माणूस दर पाच वर्षांनी "आता विकूया की" म्हणतो. मी विकू देत नाही. माझी शाळा पन्हाळ्याच्या अंगाला आहे. रोज कोल्हापुरातून निघून केर्ली, कुशिरे करत वाघबीळपर्यंत जायचं आणि तिथून चढाला लागायचं. या रस्त्याला ही गाडी पुरते, आणि कुठंही बंद पडली तरी कुणालाही दुरुस्त करता येते. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या दिवाळीआधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टायमिंग बेल्ट बदलून घेतला. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, तिथं काउंटरवर बसणारा मुलगा माझा विद्यार्थी होता आणि अजून मला बघून उभा राहतो. बेल्टला काही झालं नव्हतं. पण शेवटचा कधी बदलला याची घरात कुणाकडंच नोंद नव्हती, आणि वाटेत तुटला तर गाडी आहे तिथंच उभी राहणार. म्हणून बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि हाताबरोबर वॉटर पंप. गाडी ताब्यात घेतली तेव्हाच जरा जड वाटली. म्हटलं, "पिकअप कमी झाल्यासारखा वाटतोय." सुपरवायझर म्हणाला, "नवीन बेल्ट आहे मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो."

मी ऐकून घेतलं! वीस वर्षं पोरांना सांगते की विधान आलं की सिद्धता मागा, आणि स्वतः मात्र मान डोलावून बाहेर आले. बेल्ट सेट होत नसतो. तो एकतर बरोबर बसलेला असतो किंवा चुकीचा.

मग दिवाळीची सुट्टी लागली, गाडी तीन आठवडे दारात उभी. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी वाघबिळाच्या चढावर जिथं मी दुसऱ्या गिअरमध्ये आरामात जायचे, तिथं पहिला टाकावा लागला. मागं उसाची ट्रॉली. ट्रॉलीवाला हॉर्न वाजवतोय आणि मी पाय पार तळाला दाबून पंधराच्या स्पीडनं चाललेय.

गंमत म्हणजे सपाटीला, एकदा गाडी पळायला लागली की तेवढी वाईट वाटायची नाही. तिसऱ्यात साठच्या आसपास बरी चालायची. मरायची ती खाली. सिग्नलवरून उठताना, स्पीडब्रेकरनंतर, चढाच्या सुरुवातीला. क्लच सोडला की जणू मागून कुणीतरी पदर धरलाय. ॲव्हरेज मी डायरीत लिहिते, जुनी सवय आहे. सोळाच्या खाली कधी न गेलेला आकडा नोव्हेंबरअखेर अकरावर आला.

इथून पुढं जे झालं ते थोडक्यात उरकते, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि खर्च जास्त. शाळेजवळच्या मेस्त्रीनं प्लग, प्लग वायर आणि एअर फिल्टर बदललं. १,३०० रुपये. फरक शून्य. शहरातल्या दुसऱ्यानं डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं स्पार्क वाटून देणाऱ्या भागाची, कॅप आणि रोटर बदलला, ६५०. वर ऐकवलं की हल्ली पेट्रोलात इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांचं असंच होणार. तिसरा कार्बोरेटरवाला. त्यानं ७०० घेऊन कार्बोरेटर साफ केला, मग आठवड्यानं १,८५० घेऊन किट बदललं. हा माणूस मात्र प्रामाणिक. शेवटी हात पुसत म्हणाला, "मॅडम, यात आता काय राहिलेलं नाही. दुखणं दुसरीकडं आहे." चौथ्यानं क्लच प्लेट गेली म्हणून ६,००० सांगितले. त्याला मी विचारलं, क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढायला हवा आणि गाडी मागं राहायला हवी. इथं तर इंजिनच चढत नाहीये, मग? तो म्हणाला, "खोलल्यावर कळंल." मी गाडी घेऊन निघाले.

एकूण ४,५०० रुपये आणि एकाही माणसानं काहीही मोजलं नव्हतं. हे तेव्हा लक्षात आलं नाही. उद्यमनगरातून परत येताना लक्षात आलं.

तर ते गॅरेज. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या रांगेमागं एक बोळ आहे, तिथं पत्र्याची शेड. पाटी नाही. कधीच नव्हती म्हणे. मला तिथं शाळेतल्या शिपाईमामांनी पाठवलं, त्यांच्या मेव्हण्याची ओम्नी तिथं जाते. खूण म्हणून सांगितलं, "बोळात शिरल्यावर वाळूत ओतलेल्या बिडाचा वास येईल, तिथनं डाव्या हाताला." ज्यांना फाउंड्रीचा वास ठाऊक आहे त्यांना यापेक्षा चांगला पत्ता लागणार नाही.

एक खड्डा, एक कंप्रेसर, भिंतीवर पान्यांची रांग, आणि मेस्त्री: साठीचे, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलणं कमी. हाताखाली एक पोरगं. बसायला एका जुन्या गाडीची काढलेली मागची सीट, विटांवर ठेवलेली. तिच्या स्प्रिंगा लागतात. इथं दोन गुण गेले.

मी बॉनेट उघडायला गेले तर म्हणाले, "थांबा बाई. आधी सांगा, गाडी बिघडायच्या आधी शेवटचं काम काय झालतं?"

चार मेस्त्र्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात बेल्टचं काम "झालेलं" होतं. झालेल्या कामावर कोण संशय घेतं? सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पुढं अर्धा तास बेल्टचं नावही काढलं नाही. मला वाटलं विसरले. नंतर कळलं की ते बाकीचे रस्ते बंद करत होते.

गाडी सुरू ठेवून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. मग भिंतीवरच्या खिळ्यावरून एक गोल गेज काढलं, काच तडकलेली. व्हॅक्युम गेज. त्याची नळी मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या, एका तोंडाला जोडली आणि मला बोलावलं, "बगा, काटा वाचा." काटा तेराच्या आसपास, आणि स्थिर. थरथर नाही, टिचक्या नाहीत.

आता हे गेज म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात सुंदर वस्तू तीच होती. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. इंजिन जितकं निरोगी तितकी ओढ चांगली. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) मिळतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे दीड-दोन इंच सोडून द्यायचे. तरी सोळा-अठरा यायला हवेत. आणि नुसता आकडा नाही, काट्याची चालही बोलते. एखादा व्हॉल्व्ह जळाला असेल तर काटा ठरावीक वेळानं खाली टिचकी मारतो. सायलेन्सर तुंबला असेल तर रेस धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत जातो. आमचा काटा रेस धरल्यावर उतरला नाही, टिचकी मारली नाही. नुसता कमी होता आणि शांत होता.

"एक सिलिंडर आजारी नाही," मेस्त्री म्हणाले. "तिन्ही सारखे आजारी हायत."

मग स्प्रे घेऊन मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कडेकडेनं मारला. कुठं बाहेरची हवा आत जात असेल तर इंजिनाचा आवाज बदलतो. बदलला नाही. पोराला आत बसवून ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबायला लावला आणि स्वतः कार्बोरेटरकडं बघितलं, थ्रॉटल पूर्ण उघडतो की नाही. उघडत होता. म्हणाले, अर्ध्या गाड्यांचा पिकअप नुसत्या केबलमुळं गेलेला असतो, लोक इंजिन उतरवून बसतात.

इंजिन बंद केलं. आणि मग ते डिस्ट्रिब्युटरकडं वाकले, आणि पहिल्यांदा हसले.

डिस्ट्रिब्युटर एका बोल्टनं आवळलेला असतो आणि त्या बोल्टसाठी लांबट खाच असते, म्हणजे बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर थोडा मागंपुढं फिरवता येतो. असं फिरवून स्पार्क कधी पडायचा ते ठरवतात. आमचा बोल्ट खाचेच्या पार टोकाला होता. अजून जागाच नव्हती. "हे बगा. हितं कुणीतरी पांघरूण घातलंय."

हे नीट कळायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागला, पण इथंच सांगते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. कॅमशाफ्ट वरचा, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा. क्रँकशाफ्ट खालचा, पिस्टन हलवणारा. दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. बेल्ट एका दातानं चुकीचा बसला आणि कॅम मागं राहिला, तर व्हॉल्व्ह उशिरा उघडणार, उशिरा मिटणार. आणि कॅमवर स्वार असलेला डिस्ट्रिब्युटरही मागं राहणार, म्हणजे स्पार्कसुद्धा उशिरा. अशी गाडी सुरू व्हायलाही कुरकुर करते. मग कुणीतरी टायमिंग लाइट लावतो, स्पार्क उशिरा पडतोय असं दिसतं, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून तो जागेवर आणतो. लाइटवर सगळं बरोबर. गाडी पटकन सुरू होते. गिऱ्हाईक घरी. पण व्हॉल्व्ह अजून उशिराच आहेत, ते कुणाला दिसत नाहीत.

मला हे पेपरात नेहमी दिसतं. पोरानं पहिल्या पायरीवर चिन्ह चुकवलेलं असतं, आणि शेवटच्या पायरीवर उत्तर जुळावं म्हणून गुपचूप दुसरं चिन्ह बदललेलं असतं. अशा उत्तराला मी शून्य देते. मेस्त्री मात्र वर्कशॉपला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. "घाईत हुतंय," एवढंच.

तरी बेल्टचं कव्हर उघडलं नाहीच. मी म्हटलं, आता कळलं ना, उघडा की. तर म्हणाले, "कळलं न्हाई अजून. वाटलंय."

गाडी गार होऊ दिली आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या बारीक फटी, बघितले, फिलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून, एकेक. टॅपेट फार आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि अशीच लक्षणं दिसू शकतात. एक जरासा सैल होता, तो केला. मग तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजलं. पोरगं आत, ॲक्सिलेटर तळाला, मेस्त्री गेज धरून. पहिला १२२. दुसरा १२०. तिसरा १२१. पाठीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिले, गेल्या कित्येक गाड्यांचे आकडे तिथं अर्धवट पुसलेले आहेत. या इंजिनाला दीडशेच्या वर यायला पाहिजेत, असं ते म्हणाले.

मग प्रत्येक सिलिंडरात प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून परत घेतलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल फटी भरून काढतं आणि आकडा चांगला उसळतो. आमचा चार-पाचानं हलला, बस्स. रिंगा नाहीत. व्हॉल्व्ह जळाले असते तर तिन्ही एकाच मापानं कसे जळतील? एखादा तरी वेगळा दिसला असता. हेड गॅस्केट गेलं असतं तर शेजारशेजारचे दोन पडले असते. तिन्ही सिलिंडर एकसारखे कमी, म्हणजे कारण तिघांत सामाईक पाहिजे. मला वर्गात असल्यासारखं वाटलं. सामाईक अवयव बाहेर काढा.

इथं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याही मेस्त्रीकडून ऐकायची अपेक्षा नव्हती. मी विचारलं, बेल्ट चुकला असेल तर पुढं चुकलाय की मागं, हे उघडल्याशिवाय कसं कळणार? म्हणाले, कॉम्प्रेशन कमी आलंय म्हणजे मागं. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कारण वेगात येणारी हवा तेवढ्यात अजून आत घुसते. कॅम मागं राहिला की व्हॉल्व्ह अजून उशिरा मिटतो, आणि इंजिन हळू फिरत असताना पिस्टन आत घेतलेली हवा परत ढकलून देतो. दाबायला मालच कमी. म्हणून खाली दम नाही. गाडी जोरात पळायला लागली की येणाऱ्या हवेला गती असते, ती सहजी परत जात नाही, म्हणून वर बरी वाटते. उलट कॅम पुढं बसला असता तर व्हॉल्व्ह लवकर मिटून कॉम्प्रेशनचा आकडा जास्त दिसला असता, खाली गाडी चांगली ओढली असती आणि वर जाऊन धाप लागली असती.

माझी तीन महिन्यांची सगळी तक्रार, सिग्नल, स्पीडब्रेकर, ट्रॉलीवाला, त्या चार वाक्यांत बसली. सपाटीला साठवर बरी का चालते, हे मी चारही जणांना सांगितलं होतं. चौघांनीही ते "मॅडम काहीतरी सांगतायत" या खात्यात टाकलं होतं.

तोवर पाच वाजले होते. म्हणाले, उद्या सकाळी खोलतो, संध्याकाळी न्या. संध्याकाळी गेले तर कव्हर नुकतंच उघडत होते, मध्ये कुणाचातरी टेम्पो आला होता. इथं पाच गुण कापले. वेळ सांगावी तर पाळावी, नाहीतर सांगू नये. पण एक फायदा झाला, मला ते डोळ्यांनी बघता आलं.

फॅन बेल्ट, पुली, बाहेरचं कव्हर निघालं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून त्यांनी क्रँक पान्यानं हळूहळू फिरवला. स्टार्टर नाही, हातानं. अंगठ्याला दाब लागला म्हणजे कॉम्प्रेशनचा फेरा. मग खालच्या पुलीची खूण तिच्या बाणासमोर आणली, तंतोतंत. आणि टॉर्च वरच्या पुलीवर मारला. तिथली खूण बाणासमोर नव्हती. बरोबर एक दात अलीकडं.

एवढुसा दात. करंगळीच्या नखाएवढा नाही. मी तिथंच हिशोब केला. खालच्या पुलीला सोयीसाठी वीस दात धरा. ३६० भागिले २०, म्हणजे एका दाताला क्रँकचे १८ अंश. कॅम निम्म्या वेगानं फिरतो म्हणून वर नऊ अंश. नऊ अंश म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकावर पोरं "चालतंय की बाई" म्हणून सोडून देतात तेवढे. पण व्हॉल्व्ह बंद व्हायला क्रँकचे १८ अंश उशीर म्हणजे पिस्टन बराच वर आलेला असतो. डिस्ट्रिब्युटरही कॅमइतकाच फिरतो, म्हणून ज्यानं कुणी पांघरूण घातलं त्याला तो नऊच अंश फिरवावा लागला, आणि तेवढी खाच नेमकी होती. नसती तर चूक तिथंच उघडी पडली असती.

चूक झाली कशी, तेही दाखवलं. बेल्टच्या एका बाजूला टेन्शनर असतो, दुसरी बाजू ओढणारी. बेल्ट चढवताना ढील सगळी टेन्शनरच्या बाजूला ठेवायची असते. ओढणाऱ्या बाजूला ढील राहिली, तर क्रँक फिरताना आधी ती ढील खातो आणि मग कॅमला ओढतो. तेवढ्यात कॅम मागं. खुणा जुळवून बेल्ट चढवला तेव्हा सगळं बरोबर दिसलेलं असतं. म्हणून बेल्ट बसवल्यावर क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो, आणि खुणा परत बघायच्या. दोन मिनिटांचं काम. ताळा करणं, दुसरं काय.

बेल्ट नवाच होता. वाकवून, उलटा करून, दातांच्या मुळाशी भेगा आहेत का बघितलं, ऑइल लागलंय का बघितलं, आणि तोच परत बसवला. दोन फेरे फिरवले. खुणा बघितल्या. परत दोन फेरे. मग मला टॉर्च दिला, "तुमी बगा." बघितलं. दोन्ही बाण समोरासमोर.

गाडी लगेच सुरू करू दिली नाही. आता व्हॉल्व्ह जागेवर आले, पण पांघरूण तसंच होतं. डिस्ट्रिब्युटर अजून त्या टोकाला, म्हणजे स्पार्क आता १८ अंश लवकर. असंच चालवलं असतं तर चढावर इंजिनानं खडखडाट केला असता आणि पिस्टनची वाट लागली असती. डिस्ट्रिब्युटर अंदाजानं मागं घेतला, गाडी सुरू केली, मग टायमिंग लाइट लावून फ्लायव्हीलच्या खिडकीतून बारीक जुळवला. बोल्ट खाचेच्या जवळजवळ मधोमध आला. व्हॅक्युमचा काटा १७ वर जाऊन बसला. कॉम्प्रेशन परत घेतलं: १५९, १६१, १५८. खडूनं जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहिलं.

टेंबलाई टेकडीच्या चढाला मेस्त्री शेजारी बसून आले. तिथं मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मध्ये एकदा म्हणाले, "तिसरा टाका."

पैसे: १,२००. एकही पार्ट नाही, नुसती मजुरी. हिशोब एका वहीच्या पानावर, छापील बिल नाही. ज्यांना कंपनीतून पैसे परत मिळवायचे असतात त्यांची इथं पंचाईत होईल. चार गुण कापले. उरलेले दोन फोनसाठी. नंबर देतात, उचलत नाहीत.

काही लोकांसाठी हे गॅरेज नाही, हेही सांगते. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमची गाडी नवी, टायमिंग बेल्टऐवजी चेनवाली, तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला होता. मी मोठ्या उत्साहानं इथं पाठवलं. मेस्त्रींनी बॉनेटही न उघडता सांगितलं, "माझ्याकडं स्कॅनर न्हाई, दुसरीकडं न्या." दुसरीकडं स्कॅनरवर पी००१६ असा कोड निघाला. त्याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांचा मेळ बसत नाही. म्हणजे दुखणं आमच्याच घराण्यातलं! नव्या गाड्या ते निदान तोंडानं सांगतात. पुढं तिथल्या पोरानं थेट सेन्सर बदलायला काढले, आणि चेन ताणली गेलीय का ते आधी बघा असं मॅडमनी त्याला सांगितलं. कुणी शिकवलं होतं ते मी सांगत नाही.

ॲव्हरेज गेल्या तीन टाक्यांना साडेसोळा, सोळा, पावणेसतरा. वाघबिळाचा चढ दुसऱ्यात, वरच्या वळणानंतर तिसरा. वर्कशॉपमध्ये मी परत गेले होते, भांडायला नाही, फक्त दोन फेऱ्यांचं सांगायला. काउंटरवरचा मुलगा उभा राहिला. सुपरवायझर बाहेर गेले होते.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, सोमवारी बंद असतं. फोन न करता जा. आणि बॅटरी चांगली असेल असं बघून जा, कारण कॉम्प्रेशन घेताना ते स्टार्टर बराच वेळ फिरवतात, आणि बॅटरी उतरलेली असली तर आकडे खोटे येतात म्हणून आधी ती चार्जिंगला लावतात. त्यात अर्धा दिवस जातो, आणि बसायला ती स्प्रिंगांचीच सीट आहे.